लेकीला कुत्र्याचं पिल्लू हवंय, खर्च किती येतो?

अमोल (सी-७०३): नमस्कार मंडळी. मुलगी पिल्लासाठी हटून बसलीय. एक जण पॉम (पॉमेरेनियन) आणि ल्हासा (ल्हासा अप्सो) या जातींचा क्रॉस १५ हजारांना देतोय. लहानच राहतं म्हणे, म्हणजे खर्चही बेताचाच असेल ना? कुणाला अनुभव?

मेधा (बी-४०२): अमोलदादा, आमची चिंगी त्याच क्रॉसची. ते १५ हजार एकदाच जातात, त्यांचं काही वाटत नाही नंतर. पुढचं विचारा.

पाटील, सेक्रेटरी: ए विंगला आज २ ते ४ पाणी बंद. टाकी धुणार आहेत.

मेधा: चिंगी ६ किलोची आहे. कोरडं खाणं रोज साधारण १०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला ३ किलो, १८०० रुपये धरा. इथे लहान असण्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण केस!! ल्हासाचे केस वाढतच राहतात, पॉमला आत दाट लव असते. आमच्या बाईसाहेबांनी दोन्ही उचललंय. दोन दिवस विंचरलं नाही की कानामागे आणि काखेत गुठळ्या. त्या ओढल्या तर कातडी ओढली जाते, म्हणून कापाव्याच लागतात. पार्लर दीड महिन्याने, दर वेळी १२००.

जोशीकाकू (ए-२०४): माझ्या डोक्यावर एवढा खर्च होत नाही गं

मेधा: माझ्याही नाही काकू 😄

जोशीकाकू: आमच्या वाड्यात मोती होता. दूधभाकरीवर १२ वर्षं जगला. डॉक्टर कसला नि काय.

मेधा: मोती वाड्याभर मोकळा होता काकू, त्याच्या अंगावरच्या गोचिडी कोण मोजत होतं? मागच्या पावसाळ्यात चिंगीला गोचीड ताप आला. दोन दिवस जेवली नाही, हिरड्या पांढऱ्याफटक. प्लेटलेट उतरलेल्या. रक्ततपासण्या, सलाईन, मग महिनाभर गोळ्या. ९ हजारांच्या वर गेलं. आता तीन महिन्यांतून एकदा गोचिडीची गोळी देते, एक गोळी १७०० ला पडते. पण चुकवत नाही.

निखिल (डी-३०५): त्यापेक्षा देशी पिल्लू घ्या ना अमोल. आखूड केस, पार्लर नको, आणि १५ हजार वाचले.

मेधा: पटतं. लस, जंताचं औषध, नसबंदी मात्र त्यालाही तेवढीच.

अमोल: लेकीला केसाळ हवंय हो 🙏 आणि हा माणूस कागदपत्रं देतो म्हणतोय.

निखिल: कसली कागदपत्रं? जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा केनेल क्लब क्रॉसची नोंदणीच करत नाही. लसीचं कार्ड बघ. त्यावर लसीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं असतं, बॅच नंबरसकट, आणि डॉक्टरांची सही-शिक्का. नुसत्या पेनाने तारखा लिहिल्या असतील तर ते कार्ड धरू नकोस. वय किती सांगितलंय?

अमोल: ५ आठवडे

निखिल: मग सोडच. २०१७ च्या नियमांप्रमाणे ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. आणि आई दाखव म्हणावं. आई दाखवत नसेल तर पिल्लू कुठून आणलंय देव जाणे. पार्वो (पिल्लांना होणारा पोटाचा जीवघेणा आजार) झालं तर आठवडाभर दवाखाना, आणि वाचेलच असंही नाही.

देशमुखकाका (ए-६०२): खर्चाचं चाललंय म्हणून सांगतो, लिफ्टमध्ये परवा पुन्हा सू होती. लिफ्ट वापरणाऱ्या कुत्र्यांकडून जादा मेंटेनन्स घ्या.

पाटील, सेक्रेटरी: काका, तसं घेता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, लिफ्टला बंदी नाही आणि वेगळा आकारही नाही. पण पुसायचं ज्याचं त्याने. आणि अमोलराव, घेतलंत तर महापालिकेचा परवाना काढून एक प्रत ऑफिसात द्या.

सचिन (सी-५०१, सध्या बर्लिन): इथे पहिल्या कुत्र्याचा करच वर्षाला १२० युरो.

जोशीकाकू: अगंबाई, कुत्र्याला घरपट्टी!

अमोल: मेधाताई, एकूण आकडा सांगा एकदाचा.

मेधा: खाणं साडेएकवीस हजार, पार्लर साडेनऊ, गोचिडीच्या गोळ्या सात, लसी-जंताचं तीन, गावाला गेलो की ठेवायचे दहा दिवसांचे सात. पट्टे, शाम्पू, कुरतडलेल्या चपला धरून वर्षाला ५० हजारांच्या पुढे. आजारपण वेगळं. आणि दात! एवढ्याशा जबड्यात दाटीवाटी. चिंगीचे दुधाचे सुळे पडलेच नाहीत, नसबंदीच्या भुलीतच काढून घेतले. लहान कुत्र्यांच्या दातांवर कीटणही लवकर चढतं आणि ते काढायला परत भूल द्यावी लागते. लहान जातीची १२-१४ वर्षं सहज जगतात, तेव्हा गुणाकार तुम्हीच करा.

जोशीकाकू: मग घरचंच घाला की खायला

मेधा: वरणभात चालतो काकू, कांदा-लसूण नसलेला. पण मनुका, बेदाणे अजिबात नाही, किडनीला धोका. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला एक बेदाणा खाली पडला तरी मी धावते.

प्राची (सी-७०३): मीपण आहे या ग्रुपवर, अमोल विसरलाय बहुतेक. पैशांचं बघू, पण सकाळी साडेसहाला खाली कोण नेणार? लेकीची बस पावणेसातला. हा आठला उठतो.

अमोल: मी उठेन गं

निखिल: 😂😂

प्राची: स्क्रीनशॉट घेतलाय.

मेधा: प्राची, एक सुचवू? गणपतीत आम्ही रत्नागिरीला जातोय. रेल्वेने चिंगीला न्यायचं तर फर्स्ट एसीचं कूपे नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. पेटीत मी तिला घालणार नाही आणि कूपे परवडत नाही. एरवी ठेवतो तिथे दिवसाला ७०० घेतात आणि गणपतीत जागा मिळत नाही. पाच दिवस तुमच्याकडे ठेवता का? खाणं माझं. आणि ठरवलंत तरी पिल्लू दिवाळीनंतरच आणा, फटाक्यांत नवीन पिल्लाचे हाल होतात.

प्राची: चालेल. साडेसहाची फेरी अमोलची, सगळ्यांसमोर सांगतेय.

अमोल: 👍

मेधा: मग रविवारी लेकीला घेऊन या. ब्रश कसा धरायचा ते दाखवते. कानामागे फिरवला की गुरगुरते, पण चावत नाही.