पदवी झाली, बालवाडीवर शिकवायचंय. बी.एड., डी.एड. की नर्सरीचा कोर्स? (सांगली-मिरज)

कृष्णाकाठ_मिरज
शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम. झाली आहे, बारावीला ५८ टक्के. ३ ते ६ वयाच्या मुलांना शिकवायचं आहे, जमलं तर पुढे पहिली-दुसरीलाही. घरचे म्हणतात बी.एड. कर, मैत्रिणी डी.एड. सुचवतात आणि इथला एक क्लास ‘वर्षभरात सरकारमान्य नर्सरी टीचर’ असं सांगतोय. बालवाडीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते का? फी भरण्याआधी नीट समजून घ्यायचंय.

संगममाहुली
ताई, आधी वर्ग ठरवा, मग कोर्स. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाला लागू आहे, म्हणून टीईटी पहिली ते आठवीच्या शिक्षकांना लागते. बालवाडी त्या कायद्याच्या सक्तीत येत नाही, त्यामुळे तिथे टीईटी नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला खरा, पण नोकरीच्या जाहिरातीत बालवाडी आणि पहिली यांची पात्रता वेगवेगळीच मागतात.

बी.एड. या वयोगटासाठी करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड.च्या जोरावर पहिली ते पाचवीला नवी नेमणूक मिळत नाही. सहा महिन्यांच्या ब्रिज कोर्सबद्दल (बी.एड.वाल्यांना प्राथमिकसाठी पात्र करणारा जोडकोर्स) कोणी सांगेल, तो निकालाआधी नेमणूक झालेल्यांसाठी आहे. तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

बालवाडीसाठी एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद) २०१४ मध्ये ठरवलेली किमान पात्रता अशी: बारावीला ५० टक्के आणि किमान दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षणाची पदविका, किंवा बी.एड. नर्सरी (ही नेहमीच्या बी.एड.हून वेगळी). सगळी मेख ‘दोन वर्षं’ या अटीत आहे. इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालशिक्षणाची पदविका अभ्यास म्हणून चांगली आहे, घर सांभाळून होते, पण ती एका वर्षाची. खासगी बालक मंदिरं ती पाहून घेतातही, मात्र वरची अट ज्या जाहिरातीत असेल तिथे अर्ज छाननीतच बाद होतो. क्लासच्या वर्षभराच्या प्रमाणपत्राचंही तेच.

हरिपूरकर
पहिली-दुसरीचाही विचार असेल तर डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका, आपण अजून डी.एड.च म्हणतो) हाच रस्ता. दोन वर्षं, नियमित हजेरी. पदवीधर इथे एका गोष्टीत फसतात: गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवर लागते, पदवीचे गुण धरत नाहीत. खुल्या गटाला बारावीला ४९.५ टक्के, राखीवला ४४.५ लागतात, म्हणजे तुम्ही बसता. प्रवेश राज्याच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. सांगलीची डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) सांगलीतच आहे. साताऱ्याची मात्र फलटणला, हे सातारकरांनी पर्याय भरताना लक्षात ठेवावं.

पुढे टीईटीचा पेपर एक. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास. बालमानसशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकी ३०. खुल्या गटाला ९० गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. बी.कॉम.वाल्यांचं गणित बरं असतं, अडतात ती बालमानसशास्त्र आणि मराठी व्याकरणावर. टीईटी झाली म्हणजे नोकरी नव्हे. जिल्हा परिषदेसाठी अभियोग्यता चाचणी वेगळी द्यावी लागते आणि भरती पवित्र पोर्टलवरून होते.

कृष्णाकाठ_मिरज
क्लासने आयएसओ आणि उद्यम नोंदणीचे कागद दाखवले. ते पुरेसे आहेत का?

संगममाहुली
नाहीत. उद्यम नोंदणी म्हणजे व्यवसायाची नोंद, आयएसओ म्हणजे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. शिक्षक घडवण्याची मान्यता दोन्हींतून मिळत नाही. एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीचा मान्यता आदेश मागा आणि त्यात अभ्यासक्रमाचं नाव, प्रवेशसंख्या व कोणत्या सत्रापासून मान्यता आहे ते वाचा. मान्यता अभ्यासक्रमागणिक असते; बी.एड.ची मान्यता असलेल्या कॉलेजात पूर्वप्राथमिकची पदविकाही मान्य असेलच असं नाही. आदेशाऐवजी ‘प्रस्ताव पाठवलाय’ असं उत्तर आलं तर पैसे भरू नका.

येरळा_विटा
वरची माहिती बरोबर आहे. फक्त एक भर: खासगी बालवाडीत प्रमाणपत्राइतकाच नमुना पाठ पाहतात, त्याची तयारी आत्तापासून करा. बहुतेक उमेदवार तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘अ’ गिरवून घेतात. त्या वयात बोटांचे स्नायू तयार नसतात. मूल मुठीत पेन्सिल धरतं, दाबून रेघ ओढतं आणि तीच पकड पुढे सवयीची होते. त्याऐवजी पीठ मळणं, कागद फाडणं, चिमटीने उचलणं, रेतीत बोटाने रेघा असं घ्या. गोष्ट पाच-सात मिनिटांची, मग लगेच हालचालीचं गाणं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हापासून आपल्याकडे परिसरातल्या वस्तूंवर भर आहे. आपल्या भागात हळकुंडं, ज्वारीची कणसं, मक्याची बुरकुंडं सहज मिळतात. लहान-मोठं, खरखरीत-गुळगुळीत यासाठी ती उत्तम. चिंचोके, शेंगदाणे, मणी मात्र तीन वर्षांच्या गटात मुळीच नकोत. ते नाकात, कानात जातात, घशात अडकतात. मोठ्या गटाला दिले तरी मोजून द्या आणि मोजून परत घ्या.