मदत हवी आहे: पीएलएफएसची दोन वर्षं एकत्र करताना स्टॅन्डर्ड एरर गायब

नमस्कार मंडळी. अर्थशास्त्रातल्या पीएचडीसाठी पीएलएफएसचा (केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा) युनिट लेव्हल, म्हणजे एकेका व्यक्तीच्या नोंदींचा डेटा वापरतेय. विषय: ग्रामीण महाराष्ट्रातल्या १५ ते ५९ वयाच्या स्त्रिया, त्यातही घरच्या शेतीत-धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या, म्हणजे स्टेटस कोड २१. वर्षं २०२२-२३ आणि २०२३-२४, फक्त फर्स्ट व्हिजिटची, म्हणजे घराला दिलेल्या पहिल्या भेटीची फाइल.

भारांक (प्रत्येक नोंदीचं वजन) असे काढलेत: एनएसएस आणि एनएससी (अनुक्रमे उपनमुन्यातल्या आणि एकत्रित नमुन्यातल्या पाहणी केलेल्या एककांची संख्या) सारखे असतील तर फाइलमधला मल्टिप्लायर भागिले १००, नसतील तर २००, वार्षिक अंदाजासाठी वर चार तिमाहींनी भाग. एकेका वर्षाची टक्केवारी अहवालाशी जुळते, त्यामुळे गडबड तिथे नसावी.

अडतंय ते पुढे. स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरात svyset या आज्ञेने नमुन्याची रचना सांगताना एफएसयू (नमुन्यात आधी निवडलेलं गाव किंवा शहरी भाग) हे पहिलं एकक. क्षेत्र, स्तर, उपस्तर आणि वर्ष जोडून स्ट्रॅटा, म्हणजे नमुना निवडीचे गट केले. काही स्ट्रॅटात एकच एफएसयू उरतो आणि स्टॅन्डर्ड एररच्या (अंदाज किती चुकू शकतो त्या मापाच्या) जागी नुसतं टिंब येतं. (स्त्रियांचा गट निवडायला if ने बाकीच्या नोंदी गाळल्या नाहीत, subpop च वापरलंय, ते आधीच सांगते.) एकाच एफएसयूच्या स्ट्रॅटासाठी असलेल्या singleunit(centered) या पर्यायाने आकडे येतात, certainty या दुसऱ्या पर्यायाने एरर कमी दिसते, ते मला पटत नाही, कारण त्या स्ट्रॅटाचं व्हेरिअन्स सरळ शून्य धरलं जातं. उपस्तर काढून टाकला तर अडचण मिटते, पण नमुन्याची मूळ रचना मोडते.

आर हे दुसरं सॉफ्टवेअर शिकायला तयार आहे, पण मार्गदर्शकांना डू-फाइलच (स्टाटाच्या आज्ञांची फाइल) हवी.

centered ठेवावं, की शेजारचे उपस्तर विलीन करावेत? आणि दोन वर्षांच्या सरासरीसाठी भारांक आणखी दोनने भागायचे ना?