मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांसाठी केवळ इंजेक्शने पुरेशी आहेत, की लेझरही करून घ्यावे?

नमस्कार.

माझी आई ६४ वर्षांची असून तिला १९ वर्षांपासून मधुमेह आहे. तीन महिन्यांपूर्वी तांदूळ निवडताना तिने ताट दोनदा पदराने पुसले, कारण डाव्या डोळ्यापुढे तरंगणारे काळे धागे तिला ताटातलेच वाटले. तपासणीत दोन्ही डोळ्यांत पुढच्या टप्प्याची रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहामुळे डोळ्याच्या आतल्या पडद्याला (दृष्टिपटलाला) होणारी इजा, निघाली. डाव्या डोळ्यात रक्तस्राव झाला आहे आणि नव्या रक्तवाहिन्यांसोबत वाढलेली एक पांढरट तंतुमय पट्टी तिथल्या दृष्टिपटलाला थोडी ओढ देत आहे. उजव्या डोळ्यात अशी ओढ नाही.

मी जे समजून घेतले ते असे. साखरेमुळे बारीक केशवाहिन्या बंद पडल्या की दृष्टिपटलाला प्राणवायू कमी पडतो आणि ते रक्तवाहिन्या वाढवणारे घटक सोडू लागते. अशा एखाद्या घटकाची कल्पना मायकेलसन यांनी १९४८ सालीच मांडली होती, आणि अशा रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात व्हीईजीएफ हा घटक वाढलेला असतो, हे बोस्टनमधील संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. त्याच्या सांगण्यावरून उगवणाऱ्या वाहिन्या नाजूक असतात, म्हणून त्या झिरपतात आणि फुटतात. इंजेक्शन हा घटक बांधून ठेवते, परंतु उपाशी दृष्टिपटल तसेच राहते. औषध ओसरले की घटक पुन्हा वाढू शकतो. लेझर मात्र कडेच्या दृष्टिपटलाचा काही भाग जाळून प्राणवायूची मागणीच कमी करते. त्याची किंमत बाजूच्या आणि रात्रीच्या नजरेने मोजावी लागते, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दोन वर्षांनंतर रॅनिबिझुमॅब या व्हीईजीएफ रोखणाऱ्या औषधाची इंजेक्शने लेझरपेक्षा कमी ठरली नाहीत, आणि डॉक्टरांचा कल त्यामुळे इंजेक्शनांकडे आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र चाचणीतील रुग्ण वेळेवर तपासणीला येत होते. आई सांगोल्याजवळच्या गावी राहते, इंजेक्शनसाठी पुण्याला यावे लागते, आणि दोन इंजेक्शनांनंतर तिसरी तारीख चुकलीसुद्धा, कारण वडील तापाने झोपून होते आणि तिला घेऊन येणारे कोणी नव्हते. मध्येच उपचार सुटलेल्या रुग्णांत, लेझर झालेल्यांपेक्षा केवळ इंजेक्शने घेतलेल्यांचे डोळे अधिक बिघडल्याचे वाचल्यापासून मला या चुकलेल्या तारखेची फार धास्ती वाटते. म्हणून निदान उजव्या डोळ्याला लेझर करून घ्यावे, असे माझे मत होत चालले आहे.

डाव्या डोळ्याचा प्रश्न वेगळा आहे. व्हीईजीएफ एकदम खाली गेले की तंतू वाढवणाऱ्या घटकांचे पारडे जड होते, पट्टी आकसते आणि दृष्टिपटल सुटू शकते, अशी शक्यता सांगितली जाते. हे इंजेक्शननंतरच्या काही दिवसांत ते काही आठवड्यांत घडू शकते, आणि म्हणूनच व्हिट्रेक्टॉमीपूर्वी (डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी) इंजेक्शन दिले तर त्यानंतर फार दिवस न थांबता शस्त्रक्रिया करतात, असे मला समजले.

ज्यांच्या घरी ही वेळ आली आहे त्यांना, आणि येथे कोणी नेत्रतज्ज्ञ असतील तर त्यांना, माझी विनंती आहे. गावाहून येणाऱ्या रुग्णाला आधी लेझर आणि गरजेपुरती इंजेक्शने, असा क्रम आपण कोणी स्वीकारला आहे का, आणि रात्रीच्या नजरेवर त्याचा किती परिणाम जाणवला? आईला पहाटे अंधारात गोठ्यात जावे लागते, म्हणून हे विचारत आहे. तसेच डाव्या डोळ्यात पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी त्या ओढीबद्दल डॉक्टरांना नेमके काय विचारावे? पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे.