प्रतिसाद: नेपाळला व्हिसा लागत नाही, म्हणून आधार चालतं का?

वर कुणीतरी 'नेपाळला व्हिसा नाही, आधार कार्ड पुरे' असं ठामपणे लिहिलंय. कृपया त्यावर विसंबून तिकिटं काढू नका. विमानानं जाणाऱ्या भारतीयाकडे चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधारची सवलत फक्त ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या प्रवाशांना आहे.

आपल्या सोलापुरातून पशुपतिनाथाला जाणारे बहुतेक जण पन्नाशी-साठीतले असतात, आणि घोळ नेमका तिथेच होतो. सत्तरीच्या आई आधारवर जातात, पण सोबतच्या पंचावन्न वर्षांच्या मुलाला चेक-इन काउंटरवर अडवतात. मतदार कार्डही मूळ न्या, मोबाईलमधल्या फोटोवर राहू नका. नाव आणि जन्मतारीख तिकिटाशी जुळते का, तेही आजच बघा; सिद्धेश्वरचं सिद्धाराम झालं असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो.

भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेश परवाना घ्यावाच लागतो आणि मोठ्या माणसाला रात्रीमागे १२०० रुपये शुल्क पडतं. पासपोर्टनं जाणार असाल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. टूरवाल्यानं सांगितलेल्या खर्चात हे शुल्क धरलंय का, ते पैसे भरण्याआधी विचारून घ्या.