मदत हवी आहे : भावावर ३०७ लागलंय, अटकपूर्व जामीन मिळतो का?

शिवारातला :
नमस्कार मंडळी. लहान भावावर ३०७ दाखल झालाय. बांधावरून जुना वाद, त्यात हाणामारी झाली. समोरचे म्हणतात जिवे मारायचा प्रयत्न केला. तसं काही नव्हतं. आमचे ओळखीचे वकील जमिनीचे दावे चालवतात, ते म्हणाले "आधी हजर करा, मग बघू". गावातले म्हणतात ३०७ ला अटकपूर्व मिळतच नाही. आईने अन्नाला हात लावलेला नाही. हजर करायचं की अर्ज टाकायचा, लवकर सांगा. कृपया "चांगला वकील गाठा" एवढंच लिहू नका. वकिलाला काय विचारायचं तेच कळत नाहीये.

जुनाजाणता :
घटना कधीची? १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर जुन्या भादंविचं ३०७ नाही, नव्या भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ लागतं. एफआयआरची प्रत हातात आहे का? बाकी कलमं कोणती? हत्यार काय दाखवलंय, जखम कुठे आहे, जखमी अजून दवाखान्यात आहे की घरी आला?

शिवारातला :
मागच्या आठवड्यातली घटना. १०९ च आहे, सगळे ३०७ म्हणतात म्हणून तसं लिहिलं. सोबत ३५१ (धमकी), ३५२ (अपमान) आणि ३(५). जखमी त्याच दिवशी घरी आला. अटकपूर्व मिळतो का ते सांगा ना.

मामा_सांगलेकर :
हजर करून टाका. माझ्या मेहुण्याला असंच हजर केलं होतं, थोड्या दिवसांत जामीन झाला. पळून राहिलं की पोलीस चिडतात, कोर्टही वाईट नजरेने बघतं.

काळाकोट :
मामा, मेहुण्याला कोणती कलमं होती ते माहीत नसताना हा सल्ला देऊ नका. १०९ ला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा गुन्ह्यात १५ दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या ६० दिवसांत तुकड्या-तुकड्याने मागता येते. एकदा आत गेला की अटकपूर्वचा दरवाजा बंद. मग नियमित जामीन, नाहीतर ९० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर मिळणारा जामीन.

शिवारातला, १०९ ला अटकपूर्व जामिनाची मनाई नाही. अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली सेशन कोर्टात किंवा हायकोर्टात होतो, पण रिवाज आधी सेशनला जायचा. वकिलाला पहिल्याच दिवशी अंतरिम संरक्षण मागायला सांगा, म्हणजे पोलिसांचा 'से' (लेखी म्हणणं) येईपर्यंत अटक टळते. ते द्यायचं की नाही हे न्यायाधीशांवर आहे.

एक महत्त्वाचं. ॲट्रॉसिटीचं कलम लागलंय का? लागलं असेल तर गणित वेगळं, त्या कायद्याच्या कलम १८ ने अटकपूर्वला मनाई आहे. आणि ३(५) म्हणजे समान उद्देश. भावाबरोबर अजून कोणाची नावं आहेत?

शिवारातला :
ॲट्रॉसिटी नाही. नावं भावाचं, चुलतभावाचं आणि माझं. पण मी तिथे नव्हतोच, मी त्या वेळी डेअरीवर

काळाकोट :
थांबा. तुम्ही स्वतः आरोपी आहात आणि उघड्या धाग्यावर लिहिताय. इथून पुढे घटनेबद्दल एक अक्षर लिहू नका, कोण कुठे होतं हेही नाही. उद्या हेच पान कोणी कोर्टात दाखवू शकतो. वकिलाला मात्र सगळं सांगा, अडचणीचं वाटतं तेसुद्धा. तुमच्या परवानगीशिवाय वकील ते उघड करू शकत नाही. गुन्हा करायला मदत मागितली तर गोष्ट वेगळी.

बांधकरी :
सगळ्याचं मूळ बांध आहे. आधी भूमी अभिलेखमध्ये मोजणीचा अर्ज टाका, हद्दीच्या खुणा कायम करून घ्या. वहिवाटीचा रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे जा. मोजणी तुमच्या बाजूने आली की समोरचा गार पडतो.

अश्विनी२२ :
बांधकरी काका, माणसाला अटकेची भीती आहे आणि तुम्ही मोजणी सांगताय.

बांधकरी :
ताई, मी आयुष्यभर हे पाहिलंय. जामीन होतो, बांध तसाच राहतो, आणि पुढच्या पेरणीला परत कुऱ्हाडी निघतात. मोजणी केलीच पाहिजे.

अभ्यासू :
इथे खरा मुद्दा 'तयारी' आणि 'प्रयत्न' यातल्या फरकाचा आहे. मलकियत सिंग खटल्यात (१९७०) भाताचा ट्रक दिल्लीच्या हद्दीच्या अलीकडे समालखाला अडवला होता. सुप्रीम कोर्ट म्हणालं ही तयारी, प्रयत्न नव्हे, कारण तिथूनही ते परत फिरू शकले असते. उलट मोहम्मद याकूब खटल्यात (१९८०) चांदी खाडीच्या काठाशी पोचली होती, तो प्रयत्न ठरला. वकिलाने यावर भर द्यावा.

काळाकोट :
हे निकाल बरोबर आहेत, पण या भांडणाला लागू नाहीत. मार लागलाय, म्हणजे तयारीची पायरी ओलांडलेलीच आहे. इथे वाद हेतूचा. ठार मारायचं होतं का? ते कोर्ट हत्यारावरून, जखम शरीराच्या कुठल्या भागावर आहे त्यावरून, वार किती झाले आणि संधी असूनही थांबले का यावरून ठरवतं. हेतू सिद्ध झाला नाही तर प्रकरण कलम ११५ किंवा ११८ वर, म्हणजे साध्या दुखापतीवर किंवा हत्याराने केलेल्या दुखापतीवर येऊ शकतं. शिक्षेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

अश्विनी२२ :
मग जखम किरकोळ असेल तर १०९ आपोआप पडतं ना?

काळाकोट :
नाही. बलराम बामा पाटील खटल्यात (१९८३) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जीवघेणी जखम झालीच पाहिजे असं नाही, हेतू आणि कृती बघायची. पण किरकोळ जखम हा बचावाचा मोठा आधार आहेच. म्हणून जखमीच्या इंज्युरी सर्टिफिकेटवर वकिलाने पहिल्या दिवसापासून लक्ष ठेवायला हवं. जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकिलाच्या कागदांत ते असतंच.

तडजोडवाला :
सरपंचाला मध्ये घाला, समोरच्याचा दवाखान्याचा खर्च द्या, केस मागे घ्यायला लावा. आमच्याकडे असंच मिटतं.

जुनाजाणता :
१०९ फिर्यादी मागे घेऊ शकत नाही. ते तडजोडपात्रच नाही. दोन्ही बाजूंचं खरंच मिटलं तर हायकोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हा रद्द करायचा अर्ज होतो, आणि तिथेही कोर्ट जखम, हत्यार, तपास कुठवर आलाय हे तपासतं. नरिंदर सिंग (२०१४) आणि लक्ष्मी नारायण (२०१९) हे दोन निकाल वकिलाला माहीत असतीलच. आत्ता आरोपीच्या घरचं कोणी फिर्यादीच्या दारात गेलं, तर साक्षीदारावर दबाव म्हणून तेच जामिनाच्या विरोधात वापरतील. बोलायचं झालं तर वकिलामार्फत.

शिवारातला :
हे सगळं वाचून जरा धीर आला. पण ज्यांचं नाव सगळे घेतात त्या वकिलांची फी आमच्याच्याने होणार नाही. आणि भावाच्या हाताला टाके पडलेत, त्याचं काही उपयोगी आहे का?

काळाकोट :
भावाला टाके पडलेत? ही बाब पहिल्याच ओळीत यायला हवी होती! टाके कुठे घातले, कागद आहेत का? केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, बिलं, जखमेचे तारखेसह फोटो, सगळं सांभाळा. आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही तर त्यांची गोष्ट लंगडी पडते, लक्ष्मी सिंग खटला (१९७६) त्यावरच आहे. शिवाय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा, म्हणजे स्वसंरक्षणाचा हक्क आहे. तुमची उलट फिर्याद दाखल झाली आहे का? नसेल तर ती कधी आणि कशी द्यायची हे वकीलच ठरवतील. भावाने आत्ता स्वतः ठाण्यात जाऊन जबाब देऊ नये.

सुमित्रा_के :
दादा, फीचं मी सांगते. तालुका किंवा जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे आधार आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. १५१०० हा टोल-फ्री नंबर आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेल्यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. फुकटचा वकील लक्ष देत नाही असं लोक म्हणतात. माझ्या दिरासाठी मिळालेल्या बाईंनी रात्री बसून जामिनाचा अर्ज लिहिला होता.

मामा_सांगलेकर :
एकच वकील तिघांचं बघेल, खर्च वाचेल.

काळाकोट :
इथे ते करू नका. ज्याचं म्हणणं 'मी नव्हतोच' आणि ज्याचं म्हणणं 'होतो, पण स्वतःला वाचवत होतो', त्या दोघांचे बचाव पुढे एकमेकांच्या आड येऊ शकतात. शिवारातला, तुमच्यासाठी वेगळा वकील बघा. तुम्ही जिथे होतात तिथलं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवायला तपास अधिकाऱ्याला आणि त्या जागेच्या मालकाला लेखी पत्र उद्याच्या उद्या वकिलामार्फत गेलं पाहिजे. फुटेज घ्याल तेव्हा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चं प्रमाणपत्रही घ्या, नाहीतर तिकडून आक्षेप येईल. आणि मोबाइलमधलं काही पुसू नका.

शिवारातला :
सुमित्राताई, आज प्राधिकरणात जाऊन आलो. माझ्यासाठी वकील मिळतील असं म्हणालेत. भावासाठी तालुक्यातल्या फौजदारीच्या बाई बघितल्या, त्यांनी हप्त्याने फी घ्यायचं मान्य केलं. उद्या अर्ज टाकतायत, डेअरीला पत्रही जातंय. आता एकच अडकलंय. चुलतभाऊ फोन उचलत नाही. त्याच्याशिवाय आमचे अर्ज चालतील का?

काळाकोट :
चालतील. प्रत्येक आरोपीचा अर्ज स्वतंत्र असतो आणि ज्याची त्याची भूमिका बघून निकाल होतो. तो कुठे आहे हे तुम्ही शोधत फिरू नका. आदेशात ठाण्यात हजेरीची अट येईल, ती एकदाही चुकवायची नाही.

बांधकरी :
हजेरीहून येताना भूमी अभिलेखला जा. मोजणीला लागणाऱ्या कागदांची यादी मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.