अर्जात स्वतःची कमजोरी किती उघड करावी?

प्रश्न: अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलचे अर्ज भरतेय. मुख्य निबंधाला 5,300 अक्षरं, त्यात रडगाणं नकोच. पण एका सेकंडरीत (मुख्य अर्जानंतर कॉलेज स्वतःचे प्रश्न पाठवतं, तो दुसरा अर्ज) थेट विचारलंय, तुमची कमजोरी काय? मला 'नाही' म्हणता येत नाही. लॅबमध्ये तिघांची कामं अंगावर घेतली आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड आला. लिहू का?

उत्तर १: लिही की. सी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, दिसणारच आहे. फक्त 'मी फार परफेक्शनिस्ट' छाप गुळगुळीत वाक्य नको, वीट आलाय त्याचा.

उत्तर २: आता काय करतेस तेही घाल. मी लिहिलं होतं, कुणी चूक दाखवली की तोंड पाडून बसायचो. मुलाखतीत दहा मिनिटं त्यावरच गेली!

प्रश्नकर्ती: आता आधी वहीत आठवड्याचे तास मांडते, मगच हो म्हणते. मंगळवारी पहिला नकार दिला. हात थरथरत होते.