हॉलमधल्या टाइल्स उठल्या आहेत, ठेकेदार कसा निवडावा? मदत हवी आहे

मंडळी, हॉलच्या मधोमध दोन ओळींतल्या टाइल्स अचानक उठल्या आणि एकमेकींना टेकून छपरासारख्या उभ्या राहिल्या. आधी कडाड आवाज झाला, मग हे. बाकीच्या दिसायला ठीक आहेत, पण नाण्याने वाजवून पाहिल्या तर बऱ्याच पोकळ वाजतात. घर घेतलं तेव्हा फरशी बसवलेलीच होती, त्यामुळे काम कोणी आणि कसं केलं ते कळायला मार्ग नाही.

उठलेली टाइल हातात घेतली तर पाठ जवळपास कोरी. माल सगळा खालीच चिकटून राहिलाय. भिंतीकडेचं स्कर्टिंग थोडं काढून पाहिलं, तर टाइल थेट भिंतीला भिडवलेली.

आता खरी पंचाईत ठेकेदारांची. एक जण म्हणतो, उठलेल्या तेवढ्या बदलू, एका दुपारचं काम. दुसरा म्हणतो, सगळी फरशी फोडल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणखी एक साहेब मोबाइलवर बोलता बोलताच म्हणाले, "आहे त्यावरच नवीन टाइल बसवू, दारं थोडी घासून घेऊ." तिघांनीही फरशी वाजवून पाहिली नाही, हे मला जास्त खटकलं.

त्यात बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीचा रंग खालून फुगतोय. तेही याच माणसाकडून करून घ्यावं असा विचार आहे.

तर विचारायचं असं: थोड्याच टाइल्स बदलून भागेल का? आणि समोरच्याला काम येतं की नुसतं बोलता येतं, हे आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं?

प्रतिसाद

बरीच वर्षं साइटवर देखरेख करतोय, म्हणून लिहितो. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय: टाइल भिंतीला भिडलेली आणि पाठ कोरी. भाजलेल्या मातीची टाइल वर्षानुवर्षं हवेतला ओलावा घेऊन अगदी किंचित वाढते, आणि खालचा कोबा वाळताना आकसतो. कडेला जागा असती तर ही वाढ तिथे मुरली असती. जागा नाही, पकडही नाही, मग जिथे पकड सर्वांत कमी तिथून फरशी उठते. तेवढ्याच टाइल्स पुन्हा गच्च बसवल्या तर काही दिवसांनी शेजारची ओळ उठेल.

म्हणून पहिला प्रश्न विचारा, "भिंतीकडे किती गॅप सोडणार?" सहा ते दहा मिलिमीटर हे उत्तर हवं. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते, पण तिच्यात ग्राउट (टाइल्समधल्या सांध्यांत भरायचा माल) किंवा दुसरा माल भरायचा नसतो. मोठ्या हॉलमध्ये साधारण सात मीटरच्या आत एक मऊ सांधा लागतो, ऊन थेट पडत असेल तर त्याहून बराच जवळ. तो सीलंटने भरतात. "असलं काही लागत नाही" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

दुसरा प्रश्न, "दातेरी थापी कितीची वापरता?" चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक असे मालाचे गोळे ठेवून टाइल ठोकणारे अजून खूप आहेत. पोकळी तिथूनच येते. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढायच्या, टाइल आडवी सरकवून दाबायची, मोठी टाइल असेल तर पाठीलाही पातळ हात मारायचा. कोरड्या खोलीत निदान ८० टक्के आणि बाथरूममध्ये ९५ टक्के पाठ मालाने भरलेली असावी, असा सर्वसाधारण मापदंड आहे. तपासायला सोपं आहे: काम सुरू झालं की ताजी बसवलेली एक टाइल तुमच्यासमोर उचलायला सांगा. हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर नंतर माणूस चिडतो.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, फक्त "पोकळ वाजते म्हणजे फोडा" असं करू नका. खडूने नकाशा काढा. एखाद्या टाइलचा एक कोपरा पोकळ वाजत असेल, ती हलत नसेल आणि सांधा फुटलेला नसेल, तर ती वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. सुट्या पोकळ टाइल्सना सांध्यातून बारीक भोक पाडून इपॉक्सी सोडतात, तेही चालतं. पण सलग पट्टाच्या पट्टा पोकळ असेल तर ते पैसे पाण्यात. आणि अशा फरशीवर दुसरा थर बसवणं म्हणजे नवीन टाइल्सही त्याच सैल पायावर. त्या तिसऱ्या साहेबांचा नंबर खोडून टाका.

प्रतिसाद

बाथरूमबद्दल. "सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट भरतो, गळती बंद" हे वाक्य तुम्ही नक्की ऐकणार. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. इपॉक्सी ग्राउट डाग धरत नाही, पाणीही फारसं पीत नाही, पण पाणी अडवायचं काम टाइलखालच्या थराचं असतं. तो थर भिंतीवरही थोडा वर चढवलेला हवा. आधी प्लंबरकडून पाइपची प्रेशर टेस्ट करून घ्या. कित्येकदा दोष पाइपचा असतो आणि फोडली जाते फरशी. नवीन थर दिल्यावर टाइल बसवण्याआधी जाळी बंद करून निदान २४ तास पाणी भरून ठेवायला लावा, आणि उतार जाळीकडेच आहे ना हे बादलीभर पाणी ओतून पाहा.

प्रतिसाद

नुसतं मजुरीवर द्यायचं की मालासकट? माझं मत मजुरीवर. चिकटवायचा माल स्वतः आणा, म्हणजे पोत्यावर काय लिहिलंय ते तरी दिसतं. व्हिट्रिफाइड टाइल जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, त्यामुळे साधा सिमेंटचा माल तिला नीट धरत नाही. तिथे सी२ वर्गाचा अॅडेसिव्ह घ्या. सी१ ची पकड किमान ०.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, सी२ ची दुप्पट.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. खडू घेऊन बसलो. खिडकीकडचा पट्टा जवळपास पूर्ण पोकळ आहे, आतला अर्धा हॉल मात्र ठणठणीत. ठेकेदारांना पुन्हा फोन केला. एका दुपारवाले "टाइल उचलून बघायची" म्हटल्यावर उखडले. सगळं फोडा म्हणणारे मात्र येऊन नकाशा बघून गेले आणि म्हणाले, "मऊ सांधा टाकून अर्धाच भाग करता येईल, आधी मला तेवढा वेळ कोणी दिला नव्हता." माणूस कडवट आहे, पण फरशीवर गुडघे टेकून बसला, म्हणून त्यालाच द्यावं असं वाटतंय. अडचण एकच: ही टाइल आता मिळत नाही.

प्रतिसाद

जुळणारी शोधत बसू नका. "जवळजवळ तशीच" टाइल कायम डोळ्यांत खुपते. खिडकीकडचा पट्टा सरळ वेगळ्या रंगाचा घ्या आणि मऊ सांधा बरोबर त्या दोन रंगांच्या सीमेवर येऊ द्या. जाडी मात्र जुन्या टाइलशी ताडून पाहा. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर आणि कॅलिबर (टाइलच्या नेमक्या मापाचा गट) एकच हवा, आणि दहा टक्के जास्त घेऊन त्यातल्या उरतील त्या माळ्यावर ठेवा.

कागदावर हेही लिहून घ्या: राडारोडा कोण उचलणार, फोडताना चांगली टाइल फुटली तर कोणाच्या खर्चाने, आणि शेवटचा हप्ता ग्राउट वाळून पुन्हा सगळी फरशी वाजवून पाहिल्यावरच.